रिकामा काटा

जानेवारीत धुकं बाड्यावरचं घड्याळ गिळतं,
दूधवाला हाक न मारताच पिशवी अडकवून जातो,
आणि मी रात्री अडीचला पंखा लावते.
तीनवर.
दिगंबर काही बोलत नाहीत. कानटोपी खाली ओढतात,
रजईची माझी बाजूही आपल्याकडे घेतात.
संसारातला हा सगळ्यात ताजा करार.

दिवसा मी नापतोल विभागात.
सत्तावीस वर्षं दालबाजारातले काटे तपासते,
वजनाच्या बुडाला शिसं ठोकून त्यावर शिक्का मारते.
परवा पंचनामा लिहिताना मानेतून जाळ वर चढला,
कान, गाल, टाळू.
घाम कागदावर टपकला, शाई फुटली.
शेठ म्हणाला, "मॅडम, चोरी हमारी पकड़ी गई, पसीना आपको?"

भदौरियाची बायको डबे पाठवते:
सोयाच्या गोळ्या, शतावरीचं चूर्ण, भाजलेले जवस,
आणि कुठल्याशा परदेशी मुळीच्या कॅप्सूल.
डब्यावर हसणारी बाई,
माझ्याच वयाची म्हणे, सुरकुती एक नाही.
"नॅचरल है, नुकसान कुछ नहीं."
धोतराही नॅचरलच की, मी मनात म्हटलं.
सवयीनं दहा कॅप्सूल ऑफिसच्या बारीक काट्यावर ठेवल्या.
वजन मिलिग्रॅमपर्यंत बरोबर.
आत काय आहे, ते काट्याला विचारायचं नसतं.
चार महिने घेतल्या. झोप लागली दोन रात्री.
त्याच दोन रात्री भदौरियांकडे लग्न होतं
आणि मी पाय दुखेपर्यंत नाचले होते.

डॉक्टर कुशवाह बोलतात कमी.
एक जेल, दंडावर चोळायचं. सोबत रात्रीची गोळी,
गर्भाशय आहे ना अजून, म्हणून.
जाळ उतरेल, हाडांनाही आधार होईल.
"आणि धोका?"
"थोडा."
थोडा म्हणजे किती?
सत्तावीस वर्षांत हा शब्द मी कुणाला वापरू दिलेला नाही.
त्या हसल्या. कागद ओढून
हजार बायकांचे हजार ठिपके काढू लागल्या.
चाळिसाव्या ठिपक्याला दोघींनाही कंटाळा आला.

"घरात कुणाला?"
कुमुदमावशी. आईची धाकटी बहीण.
डावीकडे सपाट, त्या बाजूला पदर नेहमी दुहेरी.
तिनं कधी हार्मोन्स घेतले नव्हते.
चूर्णही नाही. काहीच नाही.
आणि आई: न्हाणीच्या उंबऱ्यावर पाय सरकला,
खुबा मोडला,
मग अकरा महिने खाटेवरून ती पंख्याची पाती मोजत राहिली.
तीनच होती. तरी मोजायची.
एका पारड्यात मावशी, एका पारड्यात आई,
मी दांडी धरून उभी,
आणि दोघीही विचारतात, जेवलीस का.

काटा आधी रिकामाच बघायचा असतो.
काही न ठेवता तो कुठे झुकतो ते,
ही आमच्याकडची पहिली तपासणी.
माझा झुकतो. मावशीच्या बाजूला.
नऊ वर्षांची होते, दार लोटायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं,
तेव्हापासून.

हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं,
माझ्या बीपीच्या खाली, त्याच अक्षरात.
औषधाचा रकाना कोराच ठेवला.
मॅमोग्राफी, गुरुवार, सकाळी दहा.
ते बघू, मग बोलू.
जवस आवडत असतील तर खा,
मुळीच्या कॅप्सूल तेवढ्या बंद.

येताना दौलतगंजात पाव किलो गजक घेतली.
दुकानदारानं ओळखलं मला. घाईघाईनं पारडं पुसलं,
काटा शून्यावर आणला, माझ्याकडे बघितलं,
आणि दोन वड्या वर टाकल्या.
मी त्या काढायला लावल्या.