पैकी

आडनाव सांगितलं की पुण्यात
पुढचा प्रश्न ठरलेला:
"कर्पे? म्हणजे त्या कर्प्यांपैकी का?"

त्या म्हणजे न्यायमूर्ती. त्या म्हणजे
गणिताच्या गाइडवरचे. नाहीतर तो पैलवान,
ज्याचा फोटो अजून रसवंतीत टांगलाय.
बँकेतल्या बाईंनी परवा चेक उलटसुलट करत
तिघांचीही नावं घेतली.

मी आजवर नाहीच म्हणत आले.
आमचे बाबा पाट्या रंगवायचे,
शुक्रवार पेठेत, शिडी सायकलला बांधून.

न्यायमूर्तींच्या नावाचा चौक झाला
तेव्हा पाटीचं काम त्यांच्याकडेच आलं.
साडेचारशे रुपये, रंग धरून.
वॉर्ड ऑफिसातला कारकून
कोटेशनवरची सही बघून हसला,
"घरचंच कार्य की, कर्पे!"
बाबा काही बोलले नाहीत.
रफार तेवढा जरा जास्त ओढला,
वाऱ्यावर निघालेल्या बटेसारखा.

आता तिथे छापील पाटी आहे, निळी.
जुनी, गंजलेली, पानवाल्याने
टपरीच्या छपराला ठोकलीय, अक्षरं आत करून.
सुपारी घेताना मान वर केली
की दिसतो.

बाईंनी विचारलं तेव्हा
'नाही' अगदी ओठांवर होतं.
"हो," म्हटलं,
"चौकातल्या."