कोबीने खाल्लेली बाग

चार वाजायच्या आत अंधार.
क्लायपेदा बंदरावरच्या क्रेनचे लाल दिवे
चौथ्या मजल्याच्या आमच्या खिडकीत येऊन उभे राहतात
आणि योरिस म्हणतो, बघ, त्यांचं झाड सजवून झालं,
आपलंच राहिलंय.

आपलंच राहिलंय, कारण सकाळपासून
मी जे वर टांगते ते वाकारे खाली काढते.
वय वर्षं तीन.
हात पोचेल तिथपर्यंतचं झाड तिचं, त्याच्या वरचं माझं,
असा तह झाला होता न्याहारीला.
जेवणापर्यंत तिला स्टूल सापडलं.

सध्या झाडावर आहे ते असं:
काचेचे गोळे सहा. सकाळी अकरा होते.
बोटीवर न्यायचा राहिलेला बाबाचा एक मोजा.
दात घासायचे ब्रश, दोन्ही ओले.
आणि एक हेरिंग, खराखुरा, शेपटीला लोकर बांधून,
उद्याच्या बारा पदार्थांतला एक.
आता एकतर अकराच मांडायचे,
नाहीतर मासा धुऊन घ्यायचा आणि गप्प बसायचं.
मी धुऊन घेतला.

दिव्यांची माळ योरिसच्या अंगाभोवती.
तो दीपस्तंभ झालाय.
बाबाची बोट रस्ता चुकू नये म्हणून
त्याला मधल्या खोलीतच उभं राहावं लागतं,
सगळ्यांच्या पायात.
बाबा रॉटरडॅमला आहे, मी सांगते,
तो नव्या वर्षातच येणार.
दीपस्तंभ ऐकत नसतात.

मग कपाटावरची शेवटची पेटी काढली.
तिच्यात सासूबाईंची बाग.
राईच्या काड्या दोऱ्यात ओवून केलेलं झुंबर,
त्याला आमच्याकडे बागच म्हणतात.
टेबलावर टांगलं की श्वासानंसुद्धा फिरतं.
गेनोवायतेबाईंची बोटं तेव्हा सुजलेली,
तरी एक गाठ त्यांनी मला मारू दिली नाही.
ईस्टरच्या आधी गेल्या.

पेटीत दोरे होते.
नुसते दोरे, गाठींसकट.

पोरं गप्प झाली की आईनं धावत सुटावं.
मी मात्र सावकाश वळले.
पिंजऱ्यात ससा बसलेला, नाव त्याचं कोबी,
मिशीला एक पिवळी काडी.

मी ओरडले. काय ओरडले ते राहू दे.
खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला.

दीपस्तंभाचा ओठ थरथरला. दिवे चालूच.
म्हणाला, उद्या रात्री बारा वाजता
जनावरं बोलतात ना? आजीनंच सांगितलं होतं.
पण कोबीला बोलायची सवय नाही.
आजीची बाग पोटात गेली
तर तो आजीसारखं बोलेल.

सगळी नाही दिली, वाकारे म्हणाली.
थोडी मी खाल्ली.

आता दोघं झोपलीत, एकीच्या मुठीत माझा झारा.
टेबलक्लॉथखाली पसरायचं गवत मी आजच आणलंय,
जास्तीची ताटलीही काढून ठेवलीय.
जी माणसं येऊ शकत नाहीत
त्यांच्यासाठीही एक ताटली लागतेच.
त्या गवतातल्या जाड काड्या निवडून
जुन्याच दोऱ्यांत ओवून पाहिल्या.
एक चौकट जमली. चौकट कसली, तीनच बाजूंची,
आणि तीही लंगडी. टांगली.
खोकले, तर फिरली.

गोष्टीचा उरलेला अर्धा भाग
सासूबाईंनी पोरांना कधी सांगितला नाही,
मला सांगितला होता, बीट किसता किसता:
त्या रात्री जनावरांचं बोलणं माणसानं ऐकू नये.
जो ऐकतो, तो पुढचा नाताळ बघत नाही.

तेव्हा उद्या बारा वाजता मी कान झाकून
पोरांच्या मध्ये झोपलेली असेन.
आज तेवीस तारीख आहे.
आज चालतं.
पिंजऱ्याशी खाली बसलेय,
हाताला माशाचा वास, केसांत काचेचा चुरा.
कोबी चावतोय.
एकेक काडी, घाई नाही,
जशा त्या ओवायच्या.