शीर्षकाला अर्धा गुण

तुर्भ्यात, खाणीच्या पायथ्याशी आमची शाळा.
महापालिकेची. खिडक्यांना जाळी,
जाळीवर पांढरी भुकटी.
डस्टर झटकलं की कळत नाही
उडालं ते खडूचं की डोंगराचं.

गेल्या आठवड्यात विभाजित वर्तुळ झालं.
विषय मीच दिला : वर्गातल्या पालकांचे व्यवसाय.
अठ्ठेचाळीस मुलं, तीनशे साठ अंश,
प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात.
"म्हणजे साडेसातीच की, बाई!" मागच्या बाकावरून हृषीकेश सणस.
हसले सगळे. मीसुद्धा.
मार्केटात माथाडी चौदा, कंपनीत नऊ,
धुणीभांडी अकरा
(इथे मुलींनी वडील खोडून आई लिहिली होती),
उरलेले 'इतर'.
'इतर'ला रंग कोणता, हे पुस्तकात नाही.
कोराच ठेवा, म्हटलं.

आज स्थलनिर्देशक नकाशा.
जुनं सर्वेक्षण, घड्यांवर चिरलेलं,
चिकटपट्टीच्या जिवावर तगलेलं.
निळं ते पाणी, पिवळी ती शेती,
तपकिरी रेषा समोच्च, वीस-वीस मीटरांनी चढणाऱ्या.
रेषा जवळ आल्या की उतार तीव्र,
लांब गेल्या की मंद.
सव्वीस वर्षं हेच म्हणते आहे,
पाढ्यासारखं, चव न घेता.

वळणाचा रस्ता दोऱ्याने कसा मोजायचा, ते दाखवलं.
अंबिका विटकरने दोरा रस्त्यावर ठेवलाच नाही.
तिचं बोट टेकडीवर, त्रिकोणाच्या खुणेवर.
"बाई, ही नाही."
काय नाही?
"ही टेकडी. पप्पांनी नेली."

कुणी हसलं नाही.
अर्ध्या वर्गाला ते ठाऊकच होतं.

कुठे नेली, मी विचारलं.
मास्तरकीची खोड : उत्तर आलं
की त्याची दिशा विचारायची.
तिने दोरा दक्षिणेला सोडला,
पिवळ्यातून, मिठागरांच्या चौकटींवरून,
थेट खाडीच्या निळ्यात.
"इथं. भरावाला."
पंचवीस सेंटीमीटर भरला दोरा.
म्हणजे किती? "साडेबारा किलोमीटर."
साडेबारा म्हटल्यावर करावेच्या घरतने मान वर केली.
त्याच्या घरी हा आकडा टक्क्यांत असतो
आणि रोज रात्री पानावर येऊन बसतो.
"दिवसाला चार फेऱ्या व्हायच्या," अंबिका म्हणाली,
"डिझेल असलं तर पाच."

तपकिरी निळ्यात गेलं होतं.
सूचीत याची खूण नव्हती.

गृहपाठ : रेषालेख, कोणत्याही बदलाचा.
सगळ्यांनी पुस्तकातला पाऊस उतरवला,
तेच आकडे, तोच ऑगस्टचा सुळका.
अंबिकाच्या आडव्या अक्षावर इयत्ता, पहिली ते नववी.
उभ्या अक्षावर
सकाळी ऊन घरात किती वाजता येतं.
पहिलीत आठ.
चौथीत सात चाळीस.
सातवीत सव्वासात.
आता पावणेसात.
रेषा उतरत गेलेली, पट्टी लावून, टोकदार पेन्सिलीने,
एकही बिंदू न घसरता.
खाली : माहितीचा स्रोत - आई.

प्रमाण बरोबर. अक्षांची नावं बरोबर.
वर शीर्षक नाही.
अर्धा गुण कापायचा असतो.
कापला. लाल पेनाने 'शीर्षक?' लिहिलं,
आणि त्या प्रश्नचिन्हाखाली ठिपका द्यायला
जरा जास्तच वेळ लावला.

वही परत घेताना ती म्हणाली,
"काय देऊ, बाई?"
मला सुचेना. पुढच्या तासाला बघू, म्हटलं.
वाईट वाटतं का गं, हेही विचारून बसले, उगाच.
तिने वहीवरची भुकटी फुंकली.
"नाय बाई. ऊन लवकर येतं ना,
कपडे वाळतात."