खालचा सूर

डेरहॅमच्या दुकानात ऑब्री पर्डी
तिसऱ्यांदा आलाय.
काउंटरवर मी चांदीचं शिलिंग ठेवते, शेजारी गंजका खिळा,
आणि एकेक डिटेक्टर वरून फिरवते.

हा पाण्यात चालतो. हा हलका, खांदा भरून येणार नाही.
ह्याच्या पडद्यावर आकडा उमटतो,
चांदी असली की ऐंशीच्या वर.
आकडे नकोत, म्हणतो.

"ती ऐकायची. मी खणायचो."
एनिडच्या कानांवर हेडफोन, ह्याच्या हातात फावडं,
बिटाची कापलेली शेतं, बत्तीस हिवाळे.
ती "इथे" म्हणाली की हा गुडघ्यावर.

चांदी बारीक, उंच आवाजात बोलते.
नेमका तोच आवाज ह्याच्या कानांतून गेलाय,
वाटाण्याच्या कारखान्यात, डबे बंद करता करता.
खिळा मात्र अजून स्वच्छ ऐकू येतो.

मी मागच्या खोलीतून जुना डिटेक्टर काढते,
दांड्याला चिकटपट्टी, किंमत निम्मी;
ह्यात सूर खाली आणता येतो.
बटण पिळते, अजून पिळते,
शिलिंग शेवटी
गाभण गाईसारखं हंबरतं.

तो डोळे मिटतो.
"इथे," म्हणतो,
आणि माझ्या लाद्यांवर
एक गुडघा टेकू लागतो.