कुंडी क्रमांक चारशे बारा

गणेशखिंडीत, रहदारीच्या पाठीमागं,
हिरव्या जाळीखाली ती आहे.
लेबल मी लिहितो. पेन्सिलीनं,
कारण शाई पाण्याला घाबरते.
नाव, कूळ, आणल्याची तारीख,
आणि ‘ठिकाण’ या रकान्यात एक डोंगरउतार
जिथं आता चौपदरी रस्ता झालाय.
ठिकाण खोडायचं नसतं.
कुठून आली एवढंच तो रकाना विचारतो,
परत जायला जागा आहे का, ते नाही.

पलीकडच्या इमारतीत, डांबरगोळ्यांच्या वासात,
लोखंडी कपाटात हीच खर्पुडी
साठ वर्षं कागदावर निजलीय,
दोऱ्यानं टाके घातलेली, कोऱ्या चहाच्या रंगाची.
दूरवरून कुणाचं पत्र येतं,
आम्ही नखाएवढं पान पाकिटात घालतो.
मेलेलं पान अजून उत्तरं देतं.

पाणी तान्हूबाई ढेबे घालतात. वेल्ह्याकडच्या.
पहिल्याच दिवशी या कुंडीशी थबकल्या:
“ह्याचा कांदा आमी गुरांमागं उकरून खायचो.
ग्वाड लागतो.”
साहेब दचकले. अहो, दुर्मिळ आहे ही!
“तवा नव्हती,”
म्हणाल्या, आणि झारी उचलली.

श्रावणात फूल येतं, करंगळीएवढा कंदील.
चिलट आत घसरतं. आतले केस खाली वळलेले,
वर यायला वाट नाही.
कोंडून राहतं बिचारं; मग केस सुकतात
आणि ते पराग घेऊन सुटतं.
आमच्या जाळीचे केस कधी सुकायचे
ते कुठल्याच फायलीत नाही.

मग शेंगा. बैलाच्या शिंगांसारख्या, बहुतेक जोडीनं.
पिकल्या की बियांच्या म्हाताऱ्या होतात
आणि वाऱ्यावर निघतात,
म्हणून मी मलमलीच्या पिशव्या बांधतो.
एकोणीस शेंगा, एकोणीस गाठी.

सोमवारी मोजल्या. अठरा.
एकोणिसावी उकललेली, रिकामी,
आत एक रुपेरी केस तेवढा चिकटलेला.
तिची पिशवी कुंडीखाली सापडली,
नीट चौघडी घातलेली.

तान्हूबाई पलीकडच्या वाफ्यात
पाठमोऱ्या, नको तितक्या मन लावून
गवत उपटत होत्या.
वारा वेताळ टेकडीकडं चालला होता.

मी वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यात
लिहिलं: गाठ सैल राहिली.
खाली सही माझी.