मोजकं मागणं

ओउलूत फेब्रुवारीचा उजेड उशिरा येतो,
माझी क्वेरी त्याहून उशिरा.
अडीच मिनिटं गरगरायचं ते निळं वर्तुळ
आणि मग लाल अक्षरांत : मर्यादा ओलांडली.

कानाची यंत्रं विकते आमची कंपनी.
मार्चमध्ये ज्यांची वॉरंटी संपते
त्यांची यादी हवी होती, एवढंच.
तर मी एकेका गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहून
विचारत होतो, तुमचं यंत्र कुठलं?
मग माघारी.
मग पुढचं दार.
एकेचाळीस हजार दारं.

इर्मेली खुर्चीमागे येऊन थांबली.
केमीच्या टपाल कचेरीत एकोणीस वर्षं काढलेली बाई,
कोड वाचते तोही पाकिटावरचा पत्ता वाचावा तसा.
"दर पत्रामागे कचेरीत हेलपाटा घालणारा पोस्टमन
पाहिलायस कधी?"
आणि तिने लूपच्या पोटातला प्रश्न
अलगद बाहेर काढला.
गठ्ठा एकदाच उचलायचा. गल्लीवार लावायचा.
मग निघायचं.

"आणि हे सगळे रकाने कशाला?
जन्मतारीख, फॅक्स, दुसरा फॅक्स...
सोयरीक जुळवायचीय का?"
मी खोडत गेलो. चार उरले.

"नकारानं विचारू नकोस.
'हे नसलेले सगळे' म्हणालास
की बिचाऱ्याला अख्खं कपाट उपसावं लागतं.
कुठला खण ते सांग."
मी तारीख सांगितली. तारखेला इंडेक्स होता,
मला ठाऊक नव्हतं इतकंच.

अर्धा सेकंदही नाही.
तीनशे अठरा नावं.
इर्मेली कॉफी आणायला गेली,
शाबासकी बिबासकी तिच्याकडे नसते.

चुकून एका नावावर क्लिक झालं.
हेल्वी कार्प्पिनेन, हाइलुओतो बेट.
खाली शेरा, मी गाळलेल्या रकान्यांतला,
लांबलचक मजकूर, ज्याला चाळणी लागतच नाही.
आमचा विक्रेता वेइक्को लिहून गेला होता :
यंत्र टेबलाच्या खणात असतं.
म्हणाली, संध्याकाळी नवरा बर्फावरून
घसरगाडी ढकलत येतो,
तो आवाज नुसत्या कानांना येतो.
बाकी कुणाचं काय ऐकायचंय?

वॉरंटीची तारीख : अकरा मार्च.

मी पुढचं नाव उघडलं.
मग त्याच्या पुढचं.
बाहेर साडेतीनलाच दिवे लागले,
इर्मेली कोट चढवताना स्क्रीनकडे बघून म्हणाली,
"पुन्हा दारोदार?"
हो म्हणालो.

सत्ताविसाव्या दारावर
वेइक्कोचं एवढंच :
फोन करू नये. स्वतः जावं.
कुत्रा भुंकतो, पण
त्याला ते कुठे ऐकू येतंय.