तीन नंबरची घंटा

मॅसेच्युसेट्स ॲव्हेन्यूच्या वळणावर
हे घर पॅरिसकडे तोंड करून उभं आहे,
असं वेंडेल म्हणतो. खरं तर तोंड
समोरच्या बसथांब्याकडे आहे.

छपराच्या काळ्या पाट्या, खवल्यांसारख्या उतरत्या.
पेनसिल्व्हेनियातल्या कुणा कोळसेवाल्याच्या बायकोला
लुईंच्या काळातली स्वप्नं पडायची.
तिच्यासाठी जिना बोटीनं आला, सुटा सुटा,
प्रत्येक पायरीच्या पोटावर खडूचा आकडा.
मग कोळसा विझला
आणि घर एका देशानं विकत घेतलं.
कोणत्या, ते सांगत नाही; तशी सही केली आहे.
दिवाणखान्यात छतावरच्या गुबगुबीत देवदूतांखाली
त्यांच्या राष्ट्राध्यक्षांची तसबीर,
दर थोड्या वर्षांनी बदलणारी.
खिळा तोच.

मी आलो होतो वायरी बघायला.
राजदूतीणबाईंना जुनी घंटा चालू हवी होती,
पाहुण्यांना दाखवायला, बाकी काही नाही.
तळघरात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर
काचेआड पितळी चौकट, तिच्यात अकरा घरं.
वरून कुणी बटण दाबलं की लाल पट्टी पडायची
आणि खाली कळायचं, कुणाला तहान लागली आहे.
दोन दिवस मी भिंतींच्या पोटातून
सुती वेष्टणाची तार ओढत होतो.
मिरजेत सतारीच्या गल्लीत वाढलोय,
तार ताणली की माझा कान आपोआप पुढे होतो.

शिडी वेंडेलनं धरलेली. पांढरे हातमोजे खिशात.
एकेचाळीस वर्षं, नऊ राजदूत.
त्याची आजी ऑगस्टा इथंच इस्त्रीला होती,
कोळसेवालीच्या वेळी.
"तीन नंबर म्हणजे मॅडमची खोली," तो म्हणाला.
"आजी झोपेतसुद्धा तीन नंबरला उठायची.
नोकरी सुटल्यावरही. एकदा तर चर्चमध्ये."
त्यानं हसत सांगितलं,
म्हणून मीही हसलो, जरा उशिरानं.

चाचणीसाठी एकानं वर जायला हवं होतं.
म्हटलं, तुम्हीच जा, मला इथं थांबायला हवं.
तो सवयीनं मागच्या अरुंद जिन्याकडे वळला,
थांबला,
आणि पुढच्या जिन्यावरून गेला.
संगमरवरावर त्याचे बूट,
आकडे वाचत चढल्यासारखे.

मग काहीच नाही.
फ्रीज गुरगुरत होता. कोथिंबिरीची जुडी
पेल्यात मान टाकून उभी.
वाटलं, तार परत तुटली.
वाटलं, तो खिडकीशी उभा असेल,
किंवा पलंगाच्या कडेवर बसला असेल
त्या हस्तिदंती, नखाएवढ्या बटणाकडे बघत.
चार मिनिटं. घड्याळ समोरच होतं.

घंटा वाजली.
एकदाच, लांब, अंगठा न उचलता.
तीन नंबरची पट्टी पडली

आणि मी, तासावर पैसे घेणारा माणूस,
हातातली पक्कड टाकून
"आलो, आलो" म्हणत
दोन पायऱ्या चढलोही होतो.